कंपनीच्या वाय-फायचा पासवर्ड टपरीपर्यंत पोचलाय, सेटिंग कसं करावं?

अंबडचा टर्नर

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत मशीन शॉप आहे आपलं. चार सीएनसी, दोन व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर धातू कापणारी मशीनं), वर पोटमाळ्यावर ऑफिस, खाली क्वालिटीची खोली. दोन्ही शिफ्ट धरून तीस-पस्तीस माणसं.

वाय-फाय म्हणाल तर ब्रॉडबँडवाल्याने बसवून दिलेला डबा ऑफिसात आणि शेडमध्ये लटकवलेले दोन रिपीटर (सिग्नल पुढे ढकलणारे डबे). नाव एक, पासवर्ड एक. टॅलीचा कॉम्प्युटर, लॅपटॉप, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर, हजेरीचं थम्ब मशीन, मशीनला प्रोग्राम पाठवायचा जुना पीसी, लेबल प्रिंटर आणि झाडून सगळ्यांचे मोबाइल त्याच्यावरच. पासवर्ड म्हणजे माझा मोबाइल नंबर, जो गेटवरच्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलाच आहे.

धागा काढायला कारण दोन. एका मोठ्या कस्टमरकडून ऑडिटचा फॉर्म आलाय. त्यात विचारलंय: ऑफिस आणि मशीनचं नेटवर्क वेगळं आहे का, बाहेरच्यांना वेगळं वाय-फाय आहे का, माणूस सोडून गेला की काय करता. दुसरं म्हणजे राउटरमधली यादी उघडली तर दिवाळीला काम सोडून समोरच्या कंपनीत लागलेल्या ऑपरेटरचा फोन त्यात. पोराबद्दल तक्रार नाही. टपरीवर चहाला येतो, फोन आपोआप जोडला जातो. पण तो जोडला जातो म्हणजे बाकी कोणीही जोडला जाईल.

सिक्युरिटीच्या खान्यात डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३, टीकेआयपी, एईएस, एंटरप्राइज अशी लांबलचक यादी येते. काय निवडू? खर्च बेताचा हवा, पण ऑडिटवाल्याला दाखवता आलं पाहिजे.

मुंबई नाक्याचा बाबू

शेठ, टपरीवाल्याने उधारीच्या वहीत लिहून ठेवला असेल पासवर्ड. चहाबरोबर फ्री.

सोपं काम आहे. वाय-फायचं नाव लपवून टाका आणि मॅक फिल्टर लावा, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या स्वतःच्या पत्त्याची (मॅक) यादी. यादीत नाही तो बाहेर. विषय संपला.

सातपूरवाला

बाबूराव, विषय संपत नाही, वाढतो. नाव लपवलं तरी हवेतले बाकीचे पॅकेट (डेटाचे तुकडे) दिसतातच, आणि फुकटचं ॲप घेऊन कोणीही ते नाव काढू शकतो. उलट लपवलेलं नाव ज्या फोनमध्ये सेव्ह आहे तो फोन जाईल तिथे 'हे नाव आहे का इथे' असं विचारत फिरतो. मॅक पत्ता हवेत उघडाच जातो, त्याची नक्कल करायला मिनिट लागत नाही. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन दर नेटवर्कला वेगळाच बनावट मॅक दाखवतात. फोन रीसेट केला की नवा मॅक, आणि शेठना परत फोन. चोर आत आणि घरचे बाहेर, असा प्रकार.

आता मूळ प्रश्न. डब्ल्यूईपी, म्हणजे वाय-फायवरचा डेटा झाकायचं (एन्क्रिप्शन) सगळ्यात जुनं तंत्र, दिसलं तर हातही लावू नका, ते २००१ मध्येच फुटलंय. डब्ल्यूपीए आणि त्यातलं टीकेआयपी एन्क्रिप्शन ही २००३ची तात्पुरती मलमपट्टी होती. टीकेआयपी चालू ठेवलं तर वेगही ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. 'साहेब नेट स्लो आहे' ही तक्रार मी फक्त तेवढं बंद करून मिटवलेली आहे. 'डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२ मिक्स' असा पर्याय दिसला तर तोही नको. किमान डब्ल्यूपीए२ आणि त्यात एन्क्रिप्शन फक्त एईएस. जिथे सगळी उपकरणं नवी आहेत तिथे डब्ल्यूपीए३. हे २०१८ मध्ये आलं आणि जुलै २०२० पासून वाय-फाय सर्टिफाइड नव्या उपकरणांना ते सक्तीचं आहे.

डब्ल्यूपीएस, म्हणजे ते बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडायचं, आजच बंद करा. पिन आठ आकडी दिसते, पण राउटर ती दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो. म्हणजे १० कोटी नाही, जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न. हे २०११ पासून जगजाहीर आहे, तरी कित्येक डब्यांत अजून चालूच येतं.

आणि तुमचा मोबाइल नंबर. डब्ल्यूपीए२ मध्ये फोन जोडला जाताना जी देवाणघेवाण होते ती टपरीवर बसून कोणीही टिपू शकतो आणि घरी नेऊन निवांत पासवर्ड ताडून बघू शकतो. तुमच्या राउटरला पत्ताही लागत नाही. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८, ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो. पण एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १० लाख पासवर्ड तपासतं. ४००० सेकंद. सव्वा तासाच्या आत तुमचा नंबर, माझा नंबर, अख्ख्या भारताचे नंबर तपासून मोकळं. तुमच्या बाबतीत तर तेवढेही कष्ट नकोत, बोर्ड वाचला की झालं.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. वीसच्या वर न्या. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडले तरी पुरे. देवाचं नाव आणि पुढे १२३ नको. पंचवटीत निम्मे पासवर्ड तेच असतील.

अंबडचा टर्नर

सव्वा तास वाचून घाम फुटला. डब्ल्यूपीएस बंद केलं, पासवर्ड मोठा केला. सकाळपासून प्रत्येक जण येऊन 'शेठ नेट गेलं' म्हणतोय, आणि मी प्रत्येकाला नवा पासवर्ड सांगतोय.

सातपूरवाला

तिथेच खरं दुखणं आहे. तुम्ही ३५ जणांना सांगितलात म्हणजे महिनाभरात टपरीला परत कळणार. एन्क्रिप्शन कितीही भारी लावा, दुकानाच्या शटरची, तिजोरीची आणि संडासची किल्ली एकच असेल तर कुलपाच्या कंपनीवर वाद घालण्यात अर्थ नाही. ऑपरेटरच्या मोबाइलला तुमच्या टॅलीच्या कॉम्प्युटरपर्यंत वाट कशाला हवी? क्रिकेट बघायला इंटरनेट हवं, तेवढं द्या.

मी काय करेन ते सांगतो. ब्रॉडबँडवाल्याचा डबा ब्रिज मोडवर टाका, तो फक्त लाइन आणून देईल. त्याच्या मागे व्हीलॅन (एकाच तारेवर वेगवेगळी नेटवर्कं) येणारा छोटा राउटर, एक मॅनेज्ड पीओई स्विच (सेटिंग करता येणारा, केबलमधूनच वीज देणारा) आणि तीन ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय सोडणारे डबे). रिपीटर काढून भंगारात. ते अर्धा वेग खातात आणि स्वस्तातले व्हीलॅन पुढे नेत नाहीत. ओमाडा, युनिफाय, मायक्रोटिक, ज्या ब्रँडचं तुमच्या माणसाला येतं ते घ्या. सगळं मिळून एका बऱ्या लॅपटॉपच्या किमतीत बसेल.

मग तीन नावं. ऑफिसचं, मशीनचं, बाहेरच्यांचं. ऑफिस व्हीलॅन २० वर, मशीन ३० वर, बाहेरचे ४० वर. आकडे तुमचे, पण प्रत्येकाची आयपी मालिका वेगळी हवी. बाहेरच्यांच्या नेटवर्कवर क्लायंट आयसोलेशन चालू करा, म्हणजे एक फोन दुसऱ्याला दिसत नाही. आणि फायरवॉलला (राउटरमधल्या नाकाबंदीला) नियम: ४० वरून कुठल्याही खासगी (आतल्या नेटवर्कच्या) पत्त्याकडे, म्हणजे १९२.१६८, १७२.१६ ते १७२.३१ आणि १० ने सुरू होणाऱ्या सगळ्या मालिकांकडे, वाट बंद. त्या नियमाच्या वर डीएनएसला, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेला, तेवढी परवानगी. ॲक्सेस पॉइंटचं आणि राउटरचं ॲडमिन पान फक्त ऑफिसमधून उघडलं पाहिजे. व्हीलॅन केला पण हा नियम टाकला नाही तर बऱ्याच राउटरांत एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात वाट उघडीच असते. नावं तीन दिसतात, माणूस खूश होतो, आणि आत सगळं एकच.

ऑपरेटर, हेल्पर, कुरिअरवाला, ऑडिटर सगळे बाहेरच्यांच्या नावावर, वेगाला मर्यादा घालून. तुमचा स्वतःचा फोनसुद्धा.

कॅनडा कॉर्नरची सीए

सातपूरवाला यांच्याशी सहमत. आमच्याकडे आर्टिकलशिप करणारी मुलं सतत येतात-जातात, त्यामुळे एक पासवर्ड ही कल्पनाच आम्ही सोडली. ऑफिसच्या नावावर डब्ल्यूपीए२ एंटरप्राइज आहे. प्रत्येकाला स्वतःचं युजरनेम आणि पासवर्ड, मागे ते तपासणारा रेडियस सर्व्हर. आमचा सर्व्हर फाइल ठेवायच्या नॅसमध्येच चालतो. फ्रीरेडियस हे फुकट सॉफ्टवेअर जुन्या पीसीवरही चालतं. मुलगा सोडून गेला की त्याचं एक नाव बंद. बाकी कोणाला काही कळतही नाही.

एक गोष्ट मात्र घट्ट धरा. लॅपटॉपवर सेट करताना सर्व्हरचं सर्टिफिकेट (ओळखपत्र) तपासण्याचा पर्याय चालूच ठेवायचा. तो बंद केला तर बाहेर कोणी त्याच नावाचा खोटा ॲक्सेस पॉइंट उभा केला की लॅपटॉप युजरनेमसकट त्याच्याकडे जातो. अँड्रॉइड ११ पासून नव्या फोनमध्ये 'तपासू नका' हा पर्याय बऱ्याच ठिकाणी काढूनच टाकलाय. मुलं कुरकुरतात, पण ते योग्यच आहे.

ऑडिटच्या फॉर्मवरून आठवलं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२चा आदेश वाचून ठेवा. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, लॉग (यंत्रणांच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आणि यंत्रणांची घड्याळं एनआयसी (केंद्राचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायची. हल्ली कस्टमरच्या फॉर्ममध्ये हेच प्रश्न फिरून येतात.

मुंबई नाक्याचा बाबू

घड्याळाचं काय घेऊन बसलात ताई? राउटरला घड्याळ बघून कुठे जायचंय?

कॅनडा कॉर्नरची सीए

कुठेच जायचं नाही, पण वीज जाऊन आली आणि वेळ मिळाली नाही की बरेच राउटर १ जानेवारी १९७० पासून सुरू करतात. मग पोलिसांनी विचारलं की मंगळवारी रात्री ह्या आयपीवर कोण होतं, तर तुमचा लॉग सांगणार की तो माणूस १९७० साली जोडलेला होता.

सातपूरवाला

ताई, एंटरप्राइज ऑफिसच्या लॅपटॉपांना उत्तमच. टर्नरशेठना सुरुवातीलाच जड वाटत असेल तर मधला रस्ता पीपीएसके. वाय-फायचं नाव एकच, पण प्रत्येक माणसाला किंवा उपकरणाला वेगळा पासवर्ड. माणूस गेला की तेवढा पासवर्ड काढायचा. फक्त हे बहुतेक कंपन्यांच्या साहित्यात डब्ल्यूपीए२ वरच चालतं, डब्ल्यूपीए३ वर नाही, हे घेण्याआधी विचारा.

आणि पीएमएफ नावाचं खोकं दिसेल, मॅनेजमेंट फ्रेमचं संरक्षण. ते नसेल तर बाहेरचा माणूस खोटे निरोप पाठवून तुमचे लॅपटॉप वारंवार तोडू शकतो. डब्ल्यूपीए३ मध्ये ते सक्तीचं आहे. ऑफिसवर 'रिक्वायर्ड', बाहेरच्यांवर 'ऑप्शनल', मशीनवर बंद ठेवावं लागेल. थम्ब मशीन आणि मशीनला वाय-फाय जोडणारे सिरीयल-टू-वायफाय डोंगल जुने असतात, त्यांना २.४ गिगाहर्ट्झ आणि साधं डब्ल्यूपीए२च कळतं. म्हणूनच त्यांना वेगळ्या खोलीत कोंडायचं आणि इंटरनेट द्यायचं नाही.

पंचवटी लॉजिंग

मध्येच घुसतो, माफी असावी. आमचं रामकुंडाजवळ लॉज आहे. २०२७च्या सिंहस्थासाठी खोल्या वाढवतोय, वाय-फाय नवीन टाकायचंय. एक जण म्हणतो पासवर्डच ठेवू नका, पोर्टल (जोडल्यावर उघडणारं लॉगिनचं पान) ठेवा, लोक आपोआप नंबर टाकून आत येतील. बरोबर का?

निवृत्त टेलिफोनवाला

बरोबर, पण अर्धंच. मी टेलिफोन खात्यात होतो, त्यामुळे २००८ चांगलं लक्षात आहे. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या तोंडावर गेलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वाय-फायवरून गेला होता. त्या घरातल्या माणसाचा काही संबंध नव्हता, पण चौकशी त्याचीच झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाच्या सूचना आल्या: सार्वजनिक जागी वाय-फाय द्यायचं तर ओळख पटवून, म्हणजे मोबाइलवर पासवर्ड पाठवून किंवा ओळखपत्राची प्रत ठेवून. लॉजमध्ये तुम्ही आधार किंवा लायसन घेताच, ती नोंद वाय-फायच्या नोंदीशी जोडता आली पाहिजे.

ओटीपीचा एसएमएस पाठवायचा तर डीएलटीवर, म्हणजे कंपन्यांच्या एसएमएसच्या नोंदवहीवर, नोंदणी लागते, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकूर दोन्ही मंजूर करून घ्यावे लागतात. ते शेवटच्या महिन्यात होत नाही. आत्ताच अर्ज टाका, नाहीतर ही सेवा तयार देणाऱ्याकडून घ्या.

आता पोर्टलविषयी. पोर्टल हे दारावरचं रजिस्टर झालं, हवेतला डेटा त्याने झाकला जात नाही. म्हणून पोर्टल ठेवाच, पण खाली डब्ल्यूपीए२चा पासवर्डही ठेवा. खोलीच्या किल्लीच्या बिल्ल्यावर छापा, दर महिन्याला बदला. आयसोलेशन विसरू नका. आणि तुमचं बिलिंग, यूपीआयचा साउंडबॉक्स, कॅमेरे पाहुण्यांच्या नेटवर्कवर अजिबात नकोत.

पंचवटी लॉजिंग

काका, आभारी आहे. डीएलटीचं कोणीच बोललं नव्हतं.

अंबडचा टर्नर

शनिवारी कंपनीला सुट्टी असते, त्यात काम उरकलं. पोस्ट लांब होईल, पण पुढच्याला उपयोग व्हावा म्हणून लिहितो.

साहित्य सातपूरवाला भाऊंनी सांगितलं तसंच घेतलं. पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल उड्या मारतो म्हणून तीनही ॲक्सेस पॉइंटना केबल ओढली, मशीनच्या पॉवर केबलपासून लांब, वेगळ्या पाइपातून. चॅनल १, ६ आणि ११, म्हणजे एकमेकांवर चढत नाहीत. गेटकडच्या पॉइंटची पॉवर कमी केली. टपरीवर आता एकच दांडी दिसते. (हे सुरक्षेत मोजू नका असं भाऊंनी फोनवर बजावलंय.)

पहिली अडचण. बाहेरच्यांचं नाव फोनमध्ये दिसायचं, पासवर्डही घ्यायचा, पण 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' वर अडकायचं. लॅपटॉप जोडला तर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता. म्हणजे आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीपर्यंत पोचतच नव्हता. स्विचच्या ज्या पोर्टवर तो ॲक्सेस पॉइंट होता, तिथे व्हीलॅन २० आणि ३० टॅग केले होते (म्हणजे तिथून जायची परवानगी), ४० राहिला होता. टिक केली आणि लगेच पत्ता मिळाला. बाकी दोन पॉइंटवर सगळं चालत होतं, म्हणून आधी सगळ्यांचा संशय पासवर्डवर.

दुसरी जास्त मजेशीर. ऑफिसातून मशीनच्या नेटवर्ककडे फक्त एफटीपी (फाइल पाठवायची पद्धत), तिचं पोर्ट म्हणजे दार क्रमांक २१, एवढंच उघडं ठेवलं. प्रोग्रामचा पीसी ऑफिसच्या बाजूला. लॉगिन व्हायचं, पण फाइलींची यादी काही येईना. कंट्रोलर नुसता थांबून राहायचा. मशीन लावणाऱ्या सेटरने जाहीर केलं की नवीन वाय-फायमुळे मशीन बिघडलं.

सातपूरवाला

ॲक्टिव्ह एफटीपी!

अंबडचा टर्नर

तेच. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: लॉगिन २१ वर होतं, पण यादी आणि फाइल द्यायला मशीन स्वतः उलटं पीसीकडे कनेक्शन उघडतं. आणि मशीनकडून ऑफिसकडे येणारी वाट तर आपणच बंद केलेली. उलटं कनेक्शन न लागणारा पॅसिव्ह मोड मशीनमध्ये सापडला नाही. मग प्रोग्रामचा पीसीच व्हीलॅन ३० मध्ये नेला. तसाही त्यावर विंडोज ७ आहे, तो इंटरनेटपासून लांबच बरा. मशीनचे प्रोग्राम बनवायच्या (कॅम) लॅपटॉपवरून त्याच्या एका फोल्डरमध्ये फाइल टाकता यावी म्हणून फाइल शेअरिंगच्या पोर्ट ४४५ चा एकच नियम, तोही त्या एकाच लॅपटॉपपुरता. पेन ड्राइव्ह घेऊन जिने चढणं बंद.

ऑफिसच्या चार लॅपटॉपांना सीए ताईंसारखं एंटरप्राइज केलंय, राउटरमधलाच रेडियस वापरून. ॲडमिनचे पासवर्ड बदलले, बाहेरून मॅनेज करायची सोय आणि यूपीएनपी (उपकरणांना आपोआप राउटरचं दार उघडू देणारी सोय) बंद, सेटिंगचा बॅकअप काढून ऑफिसच्या कपाटात. कामगारांच्या मोबाइलला बाहेरच्यांचं नाव. पहिल्या दिवशी बोंब झाली, कारण वेगमर्यादेत व्हिडिओ अडकत होता. थोडी वाढवली, सगळे शांत.

फॉर्म भरून पाठवलाय. नियमांच्या पानाचे फोटो मागितले होते, तेही जोडले.

कॅनडा कॉर्नरची सीए

छान. फोटोंमध्ये पासवर्ड किंवा सार्वजनिक आयपी दिसत नाही ना, एकदा बघून घ्या. आणि एचआरच्या सोडचिठ्ठीच्या फॉर्ममध्ये 'वाय-फाय खातं बंद केलं' अशी एक ओळ घाला. ती ओळ नसेल तर सहा महिन्यांनी परत यादीत नको ते फोन दिसतील.

मुंबई नाक्याचा बाबू

म्हणजे तो समोरच्या कंपनीतला पोरगा आता टपरीवर स्वतःचा डेटा जाळतो?

अंबडचा टर्नर

जाळतो, आणि मला बघून हसतो.

एक प्रश्न उरलाय. लेबल प्रिंटर कशालाच दाद देत नाही. मशीनच्या नावावर साधं डब्ल्यूपीए२ एईएस आहे, पीएमएफ बंद, २.४ वर, पासवर्ड तपासून टाकला. दिवसातून चार वेळा तुटतो आणि डिस्पॅच थांबतो. त्याच्यासाठी टीकेआयपी चालू करू का?

सातपूरवाला

एका प्रिंटरसाठी अख्ख्या नावाची सुरक्षा खाली आणू नका. प्रिंटरच्या मागे रबरी झाकणाखाली लॅनचं पोर्ट असतं बऱ्याच मॉडेलना. डिस्पॅचचं टेबल स्विचपासून किती लांब आहे?

अंबडचा टर्नर

आहे पोर्ट, आत्ताच झाकण काढून पाहिलं. टेबल स्विचपासून वीस फुटांवर. केबल टाकतो.